तळ्याच्या आधीची जमीन

इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन तलाव ७ जानेवारी २०२२ या एकाच तारखेने रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, दाखल झाले. तीन वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, याच कराराखाली पाणथळ जागा जपणारे शहर म्हणून इंदूरला मान्यता मिळाली. उदयपूर आणि इंदूर ही तो मान मिळवणारी भारतातली पहिली दोन शहरे. क्रमांक आणि प्रमाणपत्रे यांचे आमच्या शहराला केवढे वेड आहे हे आता साऱ्या देशाला ठाऊक झाले आहे. त्यामुळे चौकाचौकांत फलक लागले आणि रामबागेपासून लोकमान्य नगरापर्यंतच्या मराठी घरांत सकाळच्या पोह्यांबरोबर या बातमीची चर्चा झाली. मलाही आनंद झाला. मात्र त्या आनंदाच्या भरात ‘आपला नैसर्गिक जलवारसा’ हे शब्द इतक्या सहजपणे वापरले जाऊ लागले की यातले नैसर्गिक नेमके काय, असे विचारण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते.

कारण हे दोन्ही तलाव बांधलेले आहेत. सिरपूरचा तलाव होळकर संस्थानाच्या काळातला, आणि यशवंत सागर म्हणजे गंभीर नदीवर १९३० च्या दशकात, दुसऱ्या यशवंतराव होळकरांच्या कारकिर्दीत, शहराला पाणी पाजण्यासाठी घातलेले धरण. ही केवळ इंदूरची गोष्ट नाही. भोपाळचा भोज तलाव रामसर यादीत २००२ मध्ये आला, शिवपुरीचा साख्य सागर २०२२ मध्ये आणि तवा जलाशय २०२४ मध्ये. म्हणजे मध्य प्रदेशाने जगापुढे ठेवलेल्या या पाचही जागा माणसाच्या हातच्या आहेत. पाणी साठून राहील असा खोलगट भाग निसर्गाने या पठारावर फारसा ठेवलेलाच नाही. लाव्ह्याचे थरावर थर, वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ, अशी ही भूमी आहे. पावसाळ्यात काळी माती फुगून आपली तोंडे मिटून घेते आणि वर उरलेले पाणी उताराने निघून जाते. जे थोडेफार मुरते ते कातळाच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात राहते, आणि बहुतेक वर्षी होळीच्या सुमारास विहिरीचा तळ दिसू लागतो. ‘मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर’ ही ओळ इथे प्रत्येक सरकारी फलकावर असते. पण पावलापावलावरचे ते पाणी आपोआप थांबलेले नव्हते, कोणीतरी पाळ घालून ते थांबवले होते, हे त्या फलकावर कधी लिहिलेले नसते.

महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर उभे राहिले की या भूमीची मांडणी डोळ्यांना दिसते. चंबळ इथेच उगम पावते आणि उत्तरेकडे निघते. गंभीरचा प्रवाहही उत्तरेचाच, क्षिप्रेच्या वाटेने चंबळीला आणि पुढे यमुनेला मिळणारा. पण याच डोंगराळ कण्याच्या दक्षिण अंगाला पडलेले पाणी चोरलमधून पाताळपाणीचा कडा उतरून नर्मदेत जाते. एका छपराच्या दोन बाजूंच्या पागोळ्यांप्रमाणे एक सर अर्धी बंगालच्या उपसागराकडे आणि अर्धी अरबी समुद्राकडे जाते. इथला खरा नैसर्गिक वारसा कोणता, असे कोणी विचारले तर मी या उताराकडे बोट दाखवीन. तलाव पूर्वजांनी बांधले. पण पाणी कोणत्या वाटेने येणार हे त्यांनी ठरवले नव्हते, ते त्यांनी ओळखले होते. पाळ कुठे घालायची हे ठरवण्याआधी कोणीतरी दोन-चार पावसाळे तो उतार पाहिलेला असणार.

आता या वारशाचे मूल्यमापन आणि रक्षण आपण कसे करतो ते पाहू. १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर गावी झालेल्या कराराची व्याख्या उदार आहे : पाणथळ जागा नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायमची असो वा हंगामी, पाणी वाहते असो वा साचलेले, ती पाणथळच. भारतासाठी हा करार १९८२ मध्ये लागू झाला. परंतु आपल्याकडचे २०१७ चे पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम पाहिले तर व्याख्येतूनच बरेच काही वजा केलेले दिसते. नद्यांची पात्रे वगळली, भातखाचरे वगळली, पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलाशय वगळले, आणि मत्स्यपालन, मीठ, करमणूक व सिंचन यांसाठी बांधलेल्या रचनाही वगळल्या. रामसर यादीतल्या जागांना हे नियम थेट लागू होतात, म्हणून यशवंत सागरला संरक्षण मिळाले. मग शहराच्याच बिलावली तलावाचे काय, लिंबोदीचे काय? ज्या पठारावर जवळजवळ प्रत्येक तळे कोणाची तरी तहान किंवा कोणाचे तरी शेत डोळ्यांपुढे ठेवून बांधले गेले, तिथे बांधण्याचा हेतू विचारून संरक्षण द्यायचे की नाही हे ठरवणे म्हणजे मूळ मालमत्ताच वहीबाहेर ठेवून हिशेब मांडणे आहे.

याच नियमांतली दुसरी एक तरतूद वरवर पाहता चांगली आहे. गेल्या दहा वर्षांतली पुराची सरासरी उच्चतम पातळी जिथे पोहोचते, तिथून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकाम करायचे नाही. ही दहा वर्षे नियम लागू झाल्याच्या तारखेपासून, म्हणजे २०१७ पासून, मागे मोजायची आहेत. आता ज्या तळ्याकडे येणारा ओढा १९९० च्या किंवा २००० च्या सुमारास वसाहतीखाली गेला, त्या तळ्याची २००७ ते २०१७ मधली पातळी आधीच खाली आलेली असणार. पाणी कमी आले म्हणून पातळी उतरली, पातळी उतरली म्हणून हद्द आत सरकली, आणि हद्द आत सरकली म्हणून बाहेर राहिलेली जमीन बांधकामाला मोकळी झाली. वाट अडवणाऱ्याच्या पदरात नियम असा दुहेरी लाभ टाकतो. नियम करणाऱ्यांचा हा हेतू होता असे मी म्हणणार नाही, पण मोजमाप पाण्याच्या पसाऱ्याचेच करायचे असे ठरवले की याहून वेगळे काही होऊ शकत नाही.

पसाऱ्याच्या जोडीला आपण पक्षी मोजतो. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि सिरपूरवर ती करायला मी आवडीने जातो. चित्रकार आणि छायाचित्रकार पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांच्यासारख्या निसर्गप्रेमींनी हा तलाव कोणी ढुंकून पाहत नव्हते तेव्हापासून धरून ठेवला नसता, तर आज मोजायला तिथे काहीच उरले नसते. मोजण्याची रीत ठरलेली आहे : थव्याच्या एका कोपऱ्यातले दहा पक्षी डोळ्यांनी वेगळे काढायचे, त्या दहांची जागा मनात धरायची आणि तेवढ्याच जागा थव्यावर पुढे पुढे ठेवत जायचे. चांदवे तर पाण्यावर काळी राई सांडल्यासारखे पसरलेले असतात. थापट्या बदके आपली रुंद चोच पाण्यात घालून गोल गोल फिरत असतात, त्यामुळे त्यांच्यातले दहा वेगळे काढणे जिवावर येते. एका वर्षी पीएचईतून, म्हणजे सरकारी पाणीपुरवठा खात्यातून, निवृत्त झालेले, आमच्याच गल्लीतले एक काका सोबत आले होते. आयुष्य नळ आणि पंप यांत गेलेला माणूस. तासभर त्यांनी माझे आकडे निमूटपणे लिहून घेतले आणि मग वही मिटून विचारले, “पक्षी झाले. आता पाणी कुठून येतं ते कधी मोजणार?”

“ते कुठे मोजतात, काका? फॉर्ममध्ये तो रकानाच नाहीये.”

“मग चल, दाखवतो तुला.”

पाळीवरून उतरून ते मला तलावाच्या वरच्या अंगाला घेऊन गेले. एका नव्या वसाहतीच्या आवारभिंतीला लागून पावसाळी ओढ्याची जुनी नळी होती. तिच्या तोंडाशी अर्ध्या उंचीपर्यंत गाळ साठलेला, गाळावर पाणकणसाची वाळलेली पाती आणि दुधाच्या पिशव्या. भिंतीपाशी येऊन ओढ्याने काटकोनात वळावे अशी अपेक्षा कोणीतरी नकाशावर केली होती. ओढा काही वळला नव्हता, तो तिथेच थांबला होता. तिथून शंभरेक पावलांवर, बेशरमीच्या झुडपांमागे, दुसरा एक ओहोळ मात्र चांगला वाहत होता. हातभर रुंद, राखाडी, काठाला साबणाचा फेस धरलेला. मी नाकाला रुमाल लावला. काका म्हणाले, “जानेवारीत वाहतोय ना, म्हणजे हा पावसाचा नव्हे. ज्यानं आता कोरडं असायला हवं तो वाहतोय आणि ज्यानं श्रावणात वाहायला हवं त्याचं तोंड बंद. तळं भरलेलं दिसतं म्हणून तुम्ही खूश.”

या एका वाक्याने पक्षिगणनेवरचा माझा विश्वास उडाला नाही, पण तिची मर्यादा कळली. सांडपाण्याने सुपीक झालेल्या पाण्यात शेवाळ आणि किडे वाढतात, आणि थापट्यांसारख्या बदकांना त्याचे काहीच वावडे नसते. तळे बिघडत असताना काही वर्षे पक्षी वाढूही शकतात, आणि आपण तो वाढता आकडा प्रमाणपत्रासारखा मिरवतो. पाण्यातला बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा प्राणवायू, मोजला तर वेगळेच चित्र दिसते. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा असा दंडक आहे. तरीही बीओडीदेखील तळ्यात पोहोचलेल्या पाण्याचाच हिशेब देतो. जे पाणी पोहोचलेच नाही, ते त्यात कसे दिसणार?

शहराने या वाटांकडे पाठ कधी फिरवली, याचे उत्तर इंदूरच्या प्रत्येक जुन्या घरात मिळते. १९७० मध्ये ‘नर्मदा आणा’ म्हणून इथे मोठे आंदोलन झाले आणि १९७८ मध्ये जलूदहून नर्मदेचे पाणी आले, सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून आणि शेकडो मीटर चढ चढून. त्याचा आनंद काय होता हे माझ्या आजीकडून ऐकलेले आहे आणि त्या आंदोलनाला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. टँकरमागे धावलेल्या माणसाला पर्यावरणाचे पाठ देणे हा उद्धटपणा ठरेल. परंतु नर्मदा घरात आली तेव्हा तलाव मनातून उतरले, हेही खरे. नळ एक दिवसाआड येतो, तो आला नाही तर गल्लीत आरडाओरडा होतो; बिलावलीत पाणी आले नाही तर वर्तमानपत्रात किती फूट भरला याची एक ओळ येते आणि ती वाचून लोक पान उलटतात. ज्या पाण्यावर आपली तहान अवलंबून नाही, त्याची वाट कोणी अडवली तर आपल्याला कळतही नाही. आता तर क्षिप्रेच्या उगमातही २०१४ पासून नर्मदेचे पाणी पंपाने आणून सोडले जाते. गंगेच्या खोऱ्यातली नदी नर्मदेच्या खोऱ्यातल्या पाण्यावर वाहते आणि सिंहस्थात लाखो लोक त्यात स्नान करतात. श्रद्धेला त्याने बाधा येत नाही, पण क्षिप्रेचे स्वतःचे पाणी कुठे गेले हा प्रश्न त्या स्नानात वाहून जातो.

देशातली उदाहरणे पाहिली तर काकांचे म्हणणे अधिकच पटते. भरतपूरचे केवलादेव आणि ओडिशातले चिलिका ही भारताची पहिली दोन रामसर स्थळे, दोन्ही १९८१ मधली. केवलादेव हेही मुळात बांधबंदिस्ती करून, भरतपूरच्या राजांच्या बदकांच्या शिकारीसाठी घडवलेले. पुढे १९८५ मध्ये ते जागतिक वारसा झाले. जिथला निसर्ग बिघडत चालला आहे अशा रामसर जागांची ‘माँत्रो नोंद’ म्हणून वेगळी यादी असते, आणि केवलादेव त्या यादीत १९९० पासून आहे. आत कुंपण आहे, पहारा आहे, शिकारीला बंदी आहे, अभ्यासकांची रीघ आहे. नाही ते पाणी. ते यायचे राजस्थानातल्या गंभीर नदीतून, आमच्या गंभीरच्या नामसखीतून, आणि वर करौलीत पांचना धरण झाल्यावर ते किती सुटणार हा शेतकऱ्यांचा, राजकारणाचा आणि वाटाघाटींचा विषय झाला. उद्यानाच्या हद्दीत रक्षकांनी जीव ओतला तरी उद्यानाचे नशीब हद्दीबाहेरच्या दारावर टांगलेले आहे. सायबेरियन क्रौंच तिथे शेवटचे दिसले ते २००१-०२ च्या हिवाळ्यात. त्यांच्या जाण्याला वाटेतल्या शिकारीसारखी इतरही कारणे होती, म्हणून ते सारे पाप मी पांचनाच्या माथी मारणार नाही. चिलिका याच्या अगदी उलट. तेही १९९३ मध्ये माँत्रो नोंदीत गेले होते, कारण गाळाने सरोवराची समुद्राकडची वाट बुजत चालली होती. २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख खोदले, खारे आणि गोडे पाणी पुन्हा मिसळू लागले, मासळी परतली आणि २००२ मध्ये चिलिका त्या नोंदीतून बाहेर पडले. दोन्हीकडे आतली व्यवस्था दुय्यम ठरली. पाण्याची ये-जा निर्णायक ठरली.

आपल्याकडे मोजणी होत नाही असे मुळीच नाही, उलट ती भरपूर होते. केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये देशातली पहिली जलसाठा गणना प्रसिद्ध केली. तीत २४,२४,५४० जलसाठे नोंदले गेले आणि त्यांतले ३८,४९६, म्हणजे १.६ टक्के, अतिक्रमित आढळले. १.६ टक्के वाचून जीव भांड्यात पडावा. पण या गणनेत नद्या, ओढे आणि झरे धरलेले नाहीत. तळ्याच्या पोटात घर बांधले तर ते अतिक्रमण, तळ्याच्या गळ्यात बांधले तर त्याची नोंद नाही. शहरी जलसाठे एकूण संख्येच्या २.९ टक्केच निघाले, आणि जे नोंदीत नसते त्याचे शहरात काय होते हे इंदूरने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. ३० मार्च २०२३ ला, रामनवमीच्या दिवशी, एका मंदिरातल्या जुन्या बावडीवर टाकलेला स्लॅब होमहवन चालू असताना खचला आणि ३६ माणसे गेली. वर उभ्या असलेल्या कितीतरी जणांना आपल्या पायांखाली बावडी आहे हेच ठाऊक नसणार. पुढे काही दिवसांतच ती बावडी भराव टाकून बुजवण्यात आली. अहिल्याबाईंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहरात, ज्यांनी देशभर घाट आणि विहिरी बांधल्या त्यांच्या शहरात, बावडी धोकादायक ठरली ती पाण्यामुळे नव्हे, ती आहे हे विसरल्यामुळे. आणि उपाय म्हणून आपण ते विसरणे पक्के केले.

इंदूरचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या कान्ह नदीचे मी फारसे बोलणार नाही, कारण तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. १९१८ मध्ये होळकर दरबारासाठी इंदूरचा नगररचना अहवाल लिहिणाऱ्या पॅट्रिक गेडीस यांना या शहराच्या नद्या आणि त्यांचे काठ महत्त्वाचे वाटले होते. शंभर वर्षांनी त्याच कान्हचे पाणी क्षिप्रेच्या घाटांना लागू नये म्हणून उज्जैनला बाहेरून वळवून नेण्याची व्यवस्था करावी लागते. एका नदीचे रक्षण म्हणजे दुसऱ्या नदीपासून तिचा बचाव, इतकाच अर्थ तिथे शिल्लक राहिला आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या पाणथळ जागांची प्रत्यक्ष स्थळपाहणी आणि हद्दनिश्चिती करण्याचे काम राज्यांना सांगितले. उपग्रहाच्या नकाशांवरून अशा २,३१,१९५ जागा निघाल्या होत्या. अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राने केलेले ते नकाशे उत्तम आहेत. पण वरून पाणी दिसते, पाण्याचा हक्क दिसत नाही. म्हणून जो पटवारी आणि जो वनरक्षक प्रत्यक्ष जाऊन खांब रोवेल, त्याच्या हातातल्या कागदावर माझ्या मते आणखी एक गोष्ट हवी : या तळ्यात पावसाळ्यात पाणी जिथून जिथून शिरते त्या प्रत्येक ओढ्याचा खसरा क्रमांक, म्हणजे जमिनीच्या दप्तरातला त्या तुकड्याचा क्रमांक, तळ्याच्या स्वतःच्या नोंदीत. वरच्या जमिनी ताब्यात घ्या असे मी म्हणत नाही. यशवंत सागरच्या वर शेते आहेत आणि ती राहणारच, प्रश्न फक्त तिथल्या खताचा आणि मातीचा किती भाग खाली उतरतो एवढाच आहे. रस्तारुंदीची रेघ नकाशावर पडली की आमच्या शहरात घरमालक कुरकुरतो, कोर्टात जातो, आणि तरी ती रेघ सहसा पुसली जात नाही. ओढ्याच्या रेघेला तितकीच पत मिळावी. ती रेघ काही नव्याने ओढायची नाही. जुन्या नकाशांवर नाले आपापल्या जागी दाखवलेले असतातच. आणि ही पाहणी आषाढ-श्रावणात व्हावी, गुडघाभर चिखलात उभे राहून व्हावी, कारण थंडीच्या कोरड्या दिवसांत गेलेल्या माणसाला तिथे ओढा दिसणार नाही, एक मोकळा प्लॉट दिसेल.